शाळेचा गायनवृंद आणि स्वतःचे शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात शिकत असतानाच शाळेतील गायनवृंद शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न हे काम नव्याने स्वीकारणाऱ्यांचे आहेत. पुढचे प्रश्न निदान एक कार्यक्रम पार पाडलेल्यांचे आहेत आणि त्यांची उत्तरे तितकीशी सरळ नाहीत. पट्ट्या, म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) कोणत्या स्वरावर धरायचा ते, पेटीच्या (हार्मोनियमच्या) भाषेत सांगितल्या आहेत : एका सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या डावीकडून एक ते सात आणि काळ्या एक ते पाच अशा मोजल्या आहेत. जिथे सप्तकाचा घोटाळा होण्यासारखा आहे तिथे कंपनसंख्याही दिली आहे. सगळ्या उत्तरांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोकावेल, ती आधीच सांगून टाकतो : या कामात कान कमावला जातो आणि गळा व वेळापत्रक गमावले जाते. त्यामुळे पहिल्याचा लाभ उठवणे आणि उरलेल्या दोघांना सांभाळणे, एवढेच बहुतेक सल्ल्यांचे सार आहे.

१. मी स्वतःच अजून शिकतो आहे. मग दुसऱ्यांना शिकवण्याचा मला काय अधिकार?

शाळेतल्या मुलांना गाण्यातला अधिकारी पुरुष नको असतो; जो स्वर देतो, ऐकतो आणि चुकले तर नेमके कुठे चुकले हे सांगतो, असा माणूस हवा असतो. या तीन गोष्टी तुम्हाला जमत असतील तर संकोच करण्याचे कारण नाही. उलट, तुम्ही स्वतः नुकतेच अडखळून पुढे आलेले असल्यामुळे शिकणारा कुठे अडतो याची आठवण तुमच्याकडे ताजी असते. ही आठवण अनुभवी शिक्षकांकडून बहुधा निसटलेली असते. मात्र जे तुम्हालाच कालच्या तासाला कळले आहे, ते आज मुलांवर आजमावण्याची घाई करू नये. त्याबद्दल प्रश्न १० पाहावा.

२. माझा अभ्यासाचा विषय संगीत नाही. तरीही चालेल का?

चालेल, पण गाण्यांची संख्या कमी ठेवावी. संगीताच्या विद्यार्थ्याला नवे गाणे बसवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट तुम्हाला लागेल, आणि त्यातला बराचसा वर्गाबाहेर जाईल. गाणे पुस्तकात न पाहता, कोणत्याही ओळीपासून, कोणत्याही पट्टीत सुरू करता आले तरच ते तयार झाले असे समजावे. मधलीच ओळ धरताना तुम्हाला पहिल्यापासून गुणगुणावे लागत असेल, तर वर्गात तुमचे लक्ष मुलांकडे राहणार नाही.

३. या कामाला आठवड्यातून किती वेळ द्यावा लागतो?

वेळापत्रकात दिसतो तेवढा तास आणि साधारण तेवढाच न दिसणारा वेळ, असे धरून चालावे. गाणी निवडणे, पट्टी ठरवणे, शब्दांच्या प्रती काढणे, गैरहजर मुलांचा माग ठेवणे आणि शिक्षकांच्या खोलीत उभ्याने होणाऱ्या चर्चा या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. शाळेने एक सलग तास देऊ केला तर त्याऐवजी वीस मिनिटांची तीन सत्रे मागावीत. विभागून केलेला सराव सलग सरावापेक्षा जास्त टिकतो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्मरणावरील आपल्या प्रयोगांत दाखवले होते, आणि वृंदाच्या वर्गात त्याचा प्रत्यय सहज येतो : सोमवारी बसलेले कडवे बुधवारी पुन्हा म्हटले तर राहते, पुढच्या सोमवारपर्यंत थांबले तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. अर्थात तीन वेळा शाळेत जाणे तुमच्या तासिकांत बसत नसेल, तर मधली दोन सत्रे वर्गशिक्षकांना घ्यायला सांगता येतात. त्यांनी नवे काही शिकवायचे नाही, फक्त म्हणवून घ्यायचे.

४. गाण्याची पट्टी कशी ठरवावी?

सर्वाधिक वेळा विचारला जाणारा आणि सर्वाधिक वेळा उत्तर चुकणारा हा प्रश्न आहे. बहुतेक जण ज्या पट्टीत स्वतः गातात तीच मुलांना देतात. पट्टी ही शिक्षकाच्या सवयीवरून ठरवू नये, आणि नुसत्या षड्जावरूनही ठरवू नये. त्या गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कोणता, यावरून ठरवावी.

प्राथमिक शाळेतल्या मुलांचा आवाज पांढरी दोन (सुमारे २९४ हर्ट्झ) ते तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी दोन (सुमारे ५८७ हर्ट्झ) या पट्ट्यात सर्वांत मोकळा असतो. गाणे या चौकटीत बसवायचे. समजा, एक गाणे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादापासून मध्य (मधल्या सप्तकातल्या) धैवतापर्यंत फिरते. त्याचा षड्ज पांढरी दोनवर ठेवला की ते काळी एक ते पांढरी सात इतके होते आणि अलगद बसते. दुसरे गाणे मध्य षड्जापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत जाते. त्याचा षड्ज पांढरी एकवर आणला तर माथ्यावर पांढरी तीन येते, जी थोड्या मोठ्या मुलांना झेपते. तिसरे गाणे मंद्र पंचम ते मध्य पंचम असे आहे. त्याचा षड्ज थेट पांढरी पाचवर (३९२ हर्ट्झ) न्यावा लागतो. मोठ्या माणसांना ही उडी भलतीच वाटते. पण हेच गाणे गायिकांच्या सवयीच्या काळी चारमध्ये (२०८ हर्ट्झ) दिले, तर त्याचा तळ सुमारे १५६ हर्ट्झवर जातो आणि तिथे लहान मुलांचा आवाजच नसतो. मग मुले त्या ओळी बोलल्यासारख्या म्हणतात आणि वृंद बेसूर असल्याचा शिक्का बसतो.

५. मी पुरुष आहे. मी स्वर दिला की मुले खाली कुठेतरी गुरगुरतात. असे का होते?

तुमचा आवाज मुलांपेक्षा साधारण एक सप्तक खाली आहे. मोठ्यांना सप्तकाची अदलाबदल आपोआप कळते. लहान मुले मात्र ऐकू येतो तोच स्वर काढायला जातात आणि तो त्यांच्या आवाक्यात नसल्यामुळे घशातून आवाज ओढतात. यावर तीन मार्ग आहेत. हलक्या, पातळ आवाजात वरच्या सप्तकातून स्वर द्यावा. ते जमत नसेल तर पेटीवर मुलांच्याच सप्तकातला स्वर वाजवावा. आणि सर्वांत उत्तम म्हणजे ज्या मुलीचा किंवा मुलाचा स्वर पक्का आहे, त्याला ओळ म्हणून दाखवायला सांगावे. मुलाचा स्वर मुले जितक्या चटकन उचलतात तितका कोणत्याही मोठ्या माणसाचा उचलत नाहीत.

६. निवडचाचणी घ्यावी का?

शाळेच्या मुख्य वृंदासाठी घेऊ नये. स्पर्धेसाठी छोटा संच हवाच असेल तर तो वेगळा करावा आणि त्याचे नाव ‘निवडक वृंद’ असे मुळीच ठेवू नये. प्रत्येकाचा आवाज एकेकटा ऐकणे मात्र आवश्यक आहे. ते दोन-तीन मुलांना एकत्र उभे करून, गाणे चालू असताना जवळून फेरी मारत करावे. एकट्याला सर्वांसमोर गायला लावले की चाचणी आवाजाची होत नाही, धिटाईची होते.

७. एक मूल सतत बेसूर गाते. कार्यक्रमात त्याला नुसते ओठ हलवायला सांगा, असे वर्गशिक्षक म्हणतात. काय करावे?

सांगू नये. वयाची चाळिशी उलटलेली माणसे ‘मला गाता येत नाही’ असे म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा शाळेतले असलेच एखादे वाक्य असते.

आधी निदान करावे. बहुतेक बेसूर मुलांच्या कानात दोष नसतो. ती बोलण्याच्या जाड आवाजात गात असतात आणि पातळ आवाज कुठून काढायचा हे त्यांना सापडलेले नसते. अशा मुलाला ‘ऊ’ असा भोंग्यासारखा आवाज खालून वर आणि वरून खाली घसरवायला सांगावे. त्या घसरगुंडीत पातळ आवाज आपोआप येतो, आणि तो आला की त्याला ‘हाच’ असे सांगून तिथेच थांबवावे. दुसरी युक्ती याहून परिणामकारक आहे : तुमच्या स्वरावर त्याला बोलावण्याऐवजी तो ज्या स्वरावर आहे तिथे तुम्ही जावे. दोघांचा स्वर एक झाला की काय होते हे त्याला बहुधा पहिल्यांदाच ऐकू येते. तिथून एकेक स्वर वर सरकावे. रोज दोन मिनिटे पुरतात, मात्र इतर मुले पाहत नसावीत आणि खोलीचे दार उघडे असावे.

बसवताना असे मूल शेवटच्या रांगेत ठेवू नये. ज्यांचा स्वर पक्का आहे त्यांना मागे ठेवावे, म्हणजे डळमळणाऱ्यांच्या कानावर पाठीमागून योग्य स्वर पडत राहतो. स्वर ओळखण्याचा जन्मजात दोष, ज्याला अम्यूझिया म्हणतात, तो असतो. पण त्याचे प्रमाण सुमारे दीड ते चार टक्के एवढेच सांगितले जाते. अख्ख्या वृंदात असे एखादेच मूल निघेल, आणि तेही ताल धरू शकत असेल तर झांज किंवा खंजिरी देऊन त्याला मानाची जागा देता येते.

८. मुले गात नाहीत, ओरडतात. आवाज कमी करायला सांगितले तर गाणेच मरते.

दोष बहुधा मुलांचा नसतो, साथीचा असतो. १९११ मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. मोठ्या स्पीकरवर तयार संगीत लावून गायला लावलेल्या वर्गात हेच घडते : मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती तो वाढवतात. साथ इतकी हळू ठेवावी की मुले गाऊ लागल्यावर ती जेमतेम ऐकू यावी. मग ‘हळू गा’ म्हणण्याऐवजी ‘शेजारच्याचा आवाज ऐकू येईल असे गा’ असे सांगावे. ओरडण्याचे दुसरे कारण पट्टी खूप खाली असणे हे असते. त्यासाठी प्रश्न ४ पाहावा.

९. वर्ग घेतल्यावर माझा गळा बसतो आणि संध्याकाळचा रियाज बुडतो. उपाय काय?

गाणे शिकणाऱ्यासाठी हा प्रश्न किरकोळ नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील आयोवा आणि युटा या राज्यांतल्या पाहणीत ५७.७ टक्के शिक्षकांना आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झाल्याचे आढळले. शिक्षक नसलेल्यांत हे प्रमाण २८.८ टक्के होते. कारण उघड आहे. पांढरी एकचा (२६२ हर्ट्झ) स्वर लावताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे २६२ वेळा एकमेकांवर आपटतात, आणि त्यात जोर वाढला की प्रत्येक आघात वाढतो. तासभर वर्गाच्या गोंगाटावर बोलणे म्हणजे हा मारा अखंड चालू ठेवणे होय.

पहिला नियम असा की मुले गात असताना तुम्ही गायचे नाही. ओळ म्हणून दाखवावी, मग गप्प बसून ऐकावे. हे अवघड जाते, कारण सोबत गायल्याने वर्ग चांगला वाटतो. पण तुमचा आवाज मध्ये असताना वृंदाचा खरा आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही, म्हणजे गळाही जातो आणि कानही निकामी राहतो. दुसरा नियम : गाणे चालू असताना त्यावर बोलून सूचना द्यायच्या नाहीत. हाताची खूण ठरवून घ्यावी. स्वरांसाठी हाताच्या खुणा १९व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रूढ केल्या आणि पुढे हंगेरीतील झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीमुळे त्या जगभर पसरल्या. त्या जशाच्या तशा घ्यायला हव्यात असे नाही. षड्ज कमरेपाशी आणि तार षड्ज कपाळापाशी एवढे ठरवले तरी निम्म्या सूचना वाचतात.

स्वतःचा रियाज शक्यतो वर्गाआधी करावा. वर्गानंतर बारीक नळीतून ‘ऊ’ असा हलका स्वर वरखाली फिरवला की ताण सैल होतो. गळा बसल्यावर कुजबुजून बोलू नये, त्याने आराम मिळतोच असे नाही. थोडे आणि साध्या आवाजात बोलावे. घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

१०. माझे गुरू जे शिकवतात तेच मुलांना शिकवू का?

तत्त्व शिकवावे, आवाज शिकवू नये. श्वास, स्वरावर थांबणे, शब्द स्पष्ट टाकणे हे सर्वांना लागू पडते. पण तुमच्या गुरूंनी तुमच्याकडून मागितलेला भारदस्त, भरलेला आवाज दहा वर्षांच्या मुलाकडून मागितला तर ते गळा दाबून त्याची नक्कल करेल. मुले नकलेत पटाईत असतात; तुमचा कंप, तुमची मान कलती करण्याची लकब, इतकेच नव्हे तर तुम्हाला सर्दी झाली असेल तर तिचा नाकातला सूरही आठवडाभरात वर्गात उमटतो. म्हणून ओळ म्हणून दाखवताना आवाज साधा, सरळ आणि हलका ठेवावा. तुमच्या स्वतःच्या तालमीलाही याचा फायदा होतो, कारण अलंकारांचा आडोसा न घेता एक स्वर सरळ उभा करणे किती कठीण आहे हे तेव्हा कळते.

११. वर्ग आवरत नाही. माझ्या आणि मोठ्या मुलांच्या वयात चार-पाच वर्षांचेच अंतर आहे.

मुले ताई किंवा दादा म्हणत असतील तर म्हणू द्यावे. हाकेवरून धाक ठरत नाही. वर्गाची सुरुवात ‘शांत बसा’ या शब्दांनी न करता स्वराने करावी. आत शिरताच काही न बोलता षड्ज गुणगुणावा आणि तो सगळ्यांनी धरेपर्यंत थांबावे. पहिल्या खेपेस कोणी लक्ष देत नाही, पण ही पद्धत न बदलता चालू ठेवली की दारातून तुमची सावली पडताच दोघेतिघे षड्ज लावू लागतात. एकाच ओळीवर सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त काळ घोटत बसू नये. आणि एका बाजूचे आवाज बसवताना उरलेल्यांना मोकळे सोडू नये. त्यांना मात्रा मोजायला किंवा ओळ मनात म्हणायला द्यावी. बहुतेक गोंधळ हा रिकामपणातून होतो, उद्धटपणातून नव्हे.

१२. साथीशिवाय गाताना शेवटच्या कडव्यापर्यंत स्वर उतरलेला असतो. का?

कारणे अनेक आहेत आणि ती बहुधा एकत्र येतात. चढताना स्वर थोडे कमी चढतात आणि उतरताना थोडे जास्त उतरतात. एकच स्वर लागोपाठ अनेकदा आला की प्रत्येक वेळी तो किंचित खचतो. ओळीच्या शेवटी श्वास संपतो आणि शेवटचे अक्षर कणसूर होते, मग पुढची ओळ तिथूनच उचलली जाते. दिवसाची शेवटची तासिका आणि कोंदट खोली यांचाही हातभार लागतोच.

याशिवाय एक कारण पेटीतच दडलेले आहे. तानपुऱ्याच्या षड्जातून ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वा पट, म्हणजे ५:४ या प्रमाणात असतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर तो षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर येतो. पेटीचा गंधार मात्र समान विभागणीमुळे ४०० भागांवर असतो. रोज पेटीवर गाणे घोटलेल्या मुलांची साथ एकदम काढून घेतली की ती नैसर्गिक गंधाराकडे झुकतात, आणि पेटीने पुन्हा तपासले तर ती उतरलेली दिसतात, जरी कानाला गोड लागत असले तरी. म्हणून पेटी चाल दाखवण्यापुरती वापरावी आणि सराव तानपुऱ्याच्या किंवा त्याच्या अॅपच्या षड्ज-पंचमावर करावा.

तातडीचा उपाय हवा असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने वर न्यावी. उतरणारे गाणे खाली आणण्याऐवजी वर नेणे उलटे वाटते, पण पुष्कळदा तेवढ्यानेच स्वर टिकतो. सामूहिक श्वास घेण्याचीही सवय मोडावी. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी चोरून श्वास घेतला की ओळीचा शेवट खचत नाही.

१३. दोन भागांत गायला कसे शिकवावे? मुले लगेच एकमेकांच्या सुरात घसरतात.

पायरीपायरीने जावे. प्रथम अर्ध्या वर्गाने षड्ज धरायचा आणि उरलेल्यांनी चाल गायची. ते जमले की धरणाऱ्यांना षड्ज-पंचम द्यायचा. त्यानंतर एकच चाल काही मात्रांच्या अंतराने दोन गटांनी सुरू करायची. स्वतंत्र दुसरा आवाज सर्वांत शेवटी. मुले कानात बोटे घालून आपला भाग टिकवू लागली तर ते यश मानू नये. ती गात आहेत, पण ऐकत नाहीत. आणखी एक पथ्य : नेहमी त्याच मुलांना दुसरा आवाज देऊ नये, नाहीतर त्यांना मूळ चाल कधी गायलाच मिळत नाही आणि त्यांचा रस आटतो.

१४. कार्यक्रम तोंडावर आला आहे आणि मुख्य गायक मुलाचा आवाज फुटला. आता?

त्याला गाणे सोडायला सांगू नये आणि जुन्या पट्टीत ताणूनही गाऊ देऊ नये. पौगंडावस्थेत मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली येतो; या प्रवासात काही काळ त्याच्याकडे जेमतेम पाच-सहा भरवशाचे स्वर उरतात, आणि तेही दर महिन्याला सरकतात. ते स्वर कोणते हे त्याच्याबरोबर बसून शोधावे आणि तेवढ्यातच बसेल असा भाग लिहावा : कुठे नुसता धरलेला षड्ज, कुठे ध्रुवपदाच्या शेवटच्या दोन अक्षरांची पुनरुक्ती. त्याची मूळ ओळ एकाऐवजी तिघांना मिळून द्यावी, म्हणजे कोणाला तरी त्याच्या जागी बसवले असे दिसत नाही. वर्ग हसतो, त्याचा बंदोबस्त आधीच करावा. आवाज फुटणे म्हणजे काय हे वर्षाच्या सुरुवातीलाच सर्वांना सांगून ठेवले तर हसू अर्ध्यावर येते. मुलींचा आवाजही या वयात बदलतो, त्यात काही काळ हवा मिसळल्यासारखी वाटते. ते कमी उघड असल्यामुळे शिक्षकाच्या नजरेतून सुटते.

१५. माझी परीक्षा आणि शाळेचा कार्यक्रम एकाच आठवड्यात आले आहेत.

असे जवळपास दर वर्षी होते, म्हणून त्याला अपघात समजू नये. सत्राच्या सुरुवातीलाच दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून टक्कर कुठे आहे ते पाहावे आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही आणि आयत्या वेळी दोष तुमच्याकडे येतो.

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी नवे शिकवणे बंद करावे. शेवटच्या आठवड्यात तुमच्याशिवाय चालेल असाच सराव उरला पाहिजे : सुरुवातीचा स्वर कोण देणार, ताल कोण धरणार, रांग कशी लागणार हे मुलांकडेच सोपवलेले असावे. स्वच्छ ध्वनिमुद्रण करून वर्गशिक्षकांकडे दिले की सराव तुमच्यासाठी अडत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेतून फोन आला तर न उचलणे हा उद्धटपणा नाही. आणि खरोखरच दोन्ही एका दिवशी आले तर परीक्षेला जावे. वृंदाला त्या दिवशी दुसरे कोणी उभे राहून समेची खूण देऊ शकते. तुमचा पेपर दुसरे कोणी लिहू शकत नाही.

१६. ‘परवा पाहुणे येणार आहेत, एक नवे गाणे बसवा’ असे सांगितले जाते. नकार कसा द्यावा?

नकार न देता पर्याय द्यावा. त्यासाठी दोन-तीन गाणी कायम तयार ठेवावीत : एक स्वागताला चालणारे, एक गंभीर, एक कुठेही खपणारे. ‘नवे गाणे दोन दिवसांत कच्चे राहील, हे तयार आहे आणि चांगले होईल’ असे म्हटले की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो, कारण मागणाऱ्याला गाणे नवे नको असते, चार मिनिटे भरून निघायला हवी असतात.

१७. मानधनाबद्दल बोलणे योग्य दिसते का?

दिसते, आणि ते सुरुवातीलाच बोलावे. तास किती, तयारीचा वेळ धरला आहे की नाही, जादा तालमी आणि कार्यक्रमाचा दिवस यांचे काय, पैसे कधी मिळणार, हे कागदावर यावे. ‘तुम्हाला अनुभव मिळतो आहे’ हे वाक्य खरे असले तरी ते मानधनाचे उत्तर नव्हे.

१८. कोणतेही गाणे बसवता येते का? आणि चित्रफीत काढून सर्वांना पाठवली तर?

शब्द, चाल आणि नव्याने केलेली मांडणी यांचे हक्क वेगवेगळे असू शकतात. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत हे हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतात. अनेक देशांत ही मुदत ६० किंवा ७० वर्षे आहे. वर्गात शिकवणे, शाळेत सादर करणे आणि सार्वजनिकरीत्या प्रसारित करणे यांचे नियम एक नसतात, म्हणून शाळेच्या कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी. मुलांची चित्रफीत पालकांच्या संमतीशिवाय कुठेही पाठवू नये, आणि तुमच्या अभ्यासक्रमाच्या प्रकल्पात वापरायची असेल तर ती संमती वेगळी घ्यावी.

१९. एवढे सगळे ऐकल्यावर विचारतो : यात आनंद नेमका कशाचा आहे?

टाळ्यांचा नाही, कार्यक्रमाच्या वेळी शिक्षकाचे अर्धे लक्ष रांगेतून ढळलेल्या मुलावर असते. आनंद बहुधा सरावात, तोही कोणी पाहत नसताना येतो. दोन स्वर जवळजवळ सारखे पण किंचित वेगळे असले की त्यांच्यात एक थरथर ऐकू येते. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे स्वर एकत्र लागले तर सेकंदाला दोन ठोके पडतात. मुलांनी धरलेल्या षड्जात अशी कितीतरी थरथर मिसळलेली असते. मग एखाद्या दिवशी, काही वेगळे केलेले नसताना, ती विरते आणि आवाज एकदम एकसंध, जरा मोठाही वाटतो. मुलांना शास्त्र ठाऊक नसते, पण ती गाणे न थांबवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे पाहतात. तेव्हा काही बोलू नये. स्तुती केली की पुढचा स्वर हमखास विस्कटतो.

दुसरा आनंद अधिक स्वार्थी आहे. अनेक गळ्यांतून चूक कुठली ते हुडकण्याची सवय लागलेला कान स्वतःच्या रियाजात गप्प बसत नाही. स्वरलेखन, स्वरज्ञान, तालाचे विभाग हे जे परीक्षेसाठी पाठ करावे लागते, ते शिकवताना आपोआप हाताशी येते. ११व्या शतकात अरेत्सोच्या ग्वीदो या भिक्षूने गाणाऱ्या मुलांचा शिकण्याचा काळ कमी व्हावा म्हणून सहा स्वरांना अक्षरे दिली आणि त्यातून पुढे पाश्चात्त्य सरगम रुळली. मुलांच्या अडचणीतून शिक्षकाच्या हाती काय लागू शकते याचे हे चांगले उदाहरण आहे.

२०. माझा अभ्यासक्रम संपतो आहे. वृंद दुसऱ्याकडे कसा सोपवावा?

निरोपाच्या भाषणापेक्षा एक वही जास्त उपयोगी पडते. तिच्यात प्रत्येक गाण्याची मूळ पट्टी आणि मुलांसाठी ठरवलेली पट्टी, कोणत्या ओळीत स्वर उतरतो, कोणाचा आवाज फुटण्याच्या बेतात आहे, कोण सुरुवातीचा स्वर देऊ शकते, कोणाला शेजारी उभे करू नये आणि ध्वनिमुद्रणे कुठे ठेवली आहेत हे लिहावे. मुलांच्या घरच्या गोष्टी त्यात लिहू नयेत. नव्या शिक्षकाला शक्य असल्यास दोन सत्रे आधी बोलवावे. पहिल्यात त्याने बसून ऐकावे आणि दुसऱ्यात त्याने शिकवावे व तुम्ही मागच्या रांगेत बसावे. त्याने तुमची एखादी पट्टी बदलली तर मध्ये बोलू नये. त्याला ती का बदलावीशी वाटली हे तास संपल्यावर विचारावे, आणि कारण पटले तर वहीत नोंदवावे.